प्रोटीनमध्ये पास, मिठात नापास

आमच्या गल्लीत डुकराच्या मांसावर अधिकारवाणीनं बोलणारा एकच माणूस आहे आणि त्यानं उभ्या जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. बिराजदार अप्पा. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, तोंडी सदा हॅम.

हॅम म्हणजे खारवून शिजवलेली डुकराची मांडी, तिच्या पातळ चकत्या पावात घालून खातात, हे लातुरात मला अप्पांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं, दूध आणायला निघालो होतो.

"प्रोटीन भरपूर बघा सर. कडंची चरबी काढली तर तीबी कमी. पण मीठ लई. प्रोटीनमध्ये पास, मिठात नापास."

हा त्यांचा ठरलेला निकाल. डेअरीतलं दूध संपेपर्यंत ऐकावा लागतो.

अप्पांचा मुलगा शिवराज जर्मनीत असतो, एकटाच. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. आपल्याकडं फोनवर पहिला प्रश्न "जेवलास का?" आणि दुसरा "काय?" एकदा तो म्हणाला, "पाव आणि हॅम." झालं. अप्पांचं औशाला किराणा दुकान होतं. पुड्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय त्यांनी कधी बिस्किटंही विकली नाहीत. त्यांनी शिवराजला हॅमचं पाकीट वाचायला लावलं. पुढं शिवराजला ऐन तिशीत बीपी निघालं आणि अप्पांची झोप उडाली. त्याची आई बीपीनंच गेली होती.

तेव्हापासून अप्पा हात धुऊन हॅमच्या मागं लागले. बीपीवाल्याला हॅम चालतो का, असं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी आधी गळ्यातल्या लिंगाकडं पाहिलं, मग अप्पांचंच बीपी मोजलं. आमटी खारट झाली की कणकेचा गोळा सोडतात, तसा हॅममध्ये सोडला तर मीठ ओढेल का, हे त्यांनी आमच्या हिला विचारलं. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू डुक्कर मीच घरात आणलं होतं. या माणसापुढं मी हात टेकले.

दिवाळीला शिवराज आला. परत निघाला तेव्हा त्याला स्टेशनवर सोडायला मी गेलो.

"तेवढा हॅम सोड बाबा," मी म्हणालो. "अप्पा झुरायलेत."

"काका, बीपी निघालं तेव्हाच सोडला की. गोळी चालू आहे, आता बरं आहे."

"मग त्यांना सांग ना."

"सांगायचं म्हणतो, पण जमत नाही," एवढं बोलून तो गाडीकडं बघत राहिला.

मला कुठला धीर. तडक अप्पांचा जिना चढलो आणि सांगून टाकलं. वाटलं, म्हातारा सुटेल एकदाचा.

"ठाऊक हाय," अप्पा म्हणाले. "मागं व्हिडिओवर त्यानं फ्रीज उघडला होता. दही होतं, कोबी होता. हॅम कुठं हाय?"

"मग रोज विचारता कशाला?"

अप्पांनी फोन चार्जिंगला लावला. "त्याची आई होती तवर तीच बोलायची फोनवर. मी दुकानदार माणूस. मला मालावर बोलता येतं, बाकी काय येत न्हाई. हॅम सोडला तर आमी बोलावं कशावर?"

मी आल्या पावली जिना उतरलो.

त्यानंतर आठवडाभरानं मी त्यांच्याकडं बसलो होतो, तेव्हा शिवराजचा फोन आला. अप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा केलेला.

"जेवलास का?"

"हो, अप्पा."

"काय?"

"पाव आणि हॅम."

"पाकीट वाच बरं."

पलीकडून शिवराज हातात नसलेल्या पाकिटावरचे आकडे सावकाश वाचायला लागला. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. मला तिथं बसवेना, उठलो.

जिना उतरताना मागून आवाज आला, "मिठात नापासच हाय रे बाळा. उद्या पुन्हा वाच."