तिसरी अ, फलाट क्रमांक दोन

शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या आमच्या वाडीत घोषणा होते.

"पालकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. इयत्ता तिसरी अ. गणित विषयाचा गृहपाठ फलाट क्रमांक दोनवर लागलेला आहे. मराठीची कविता विनाथांबा पाठ करावयाची आहे. परिसर अभ्यासासाठी सोमवारी भिजवलेले मूग आणावयाचे आहेत. मूग घरी विसरल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही."

घोषणा करणारे आमचे शेजारी भाई नागवेकर. घरापुढच्या खळ्यात उभे राहून, मोबाईल हातभर लांब धरून, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलं साप्ताहिक वृत्त ते वाडीला वाचून दाखवतात. लाउडस्पीकर नसतो आणि लागतही नाही. भाईंची सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली. माइक ही बारीक आवाजाच्या माणसांची सोय आहे, असं त्यांचं मत आहे. पहिल्या शब्दाला माडावरचे कावळे उडतात. मी तेव्हा बहुधा विळीवर मासळी साफ करत असते. हात बरबटलेले असले तरी माझ्या मुलीचा, स्वराचा, आठवड्याचा अभ्यास मला बसल्या जागी कळतो.

आमच्या वर्गाच्या आंब्रे बाई हे वृत्त फार मन लावून लिहितात. आठवड्यात काय शिकवलं, घरी काय करून घ्यायचं, पुढच्या आठवड्यात काय आणायचं, शिवाय डबे अर्धे परत जातायत, पेन्सिली कुरतडल्या जातायत, असं सगळं. आणि पालक काय करतात? अंगठा दाखवतात. दोघंतिघं हात जोडतात. मग रविवारी झोपायच्या वेळेला फोन सुरू होतात, "अगो, उद्या काय न्यायचाय?" मी वर्गाची पालक प्रतिनिधी, तेव्हा हे फोन मला. ग्रुपची अ‍ॅडमिनही मीच. त्यामुळे मी अधिकारानं सांगू शकते की बाईंचं वृत्त शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस त्या ग्रुपवर एकच होता, आणि तो म्हणजे भाई.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण भाईंच्या तोंडातून स्टँड काही गेलं नाही. कुणा पोराचा पाढा पाठ नसला तर "गाडी अजून डेपोतच हाय." निम्मा पाठ असला तर "निवळी घाटात गरम झाली." आलेला पाहुणा निघायला उठला की "सुटणार, सुटणार!" चहाला उशीर झाला तर भाई पडवीत बसून जाहीर करतात, "विलंबाबद्दल दिलगीर आहोत." त्यावर आतून मालूवहिनी, म्हणजे त्यांची बायको, ओरडतात, "तुमचा चहा रद्द झालाय. मागच्या गाडीनं या!"

ग्रुपवरसुद्धा तोच कारभार. एकदा कुणीतरी सकाळी फुलांचं चित्र आणि सुविचार टाकला. लगेच भाईंचा आवाजी मेसेज आला, "अनधिकृत विक्रेत्यांनी फलाटावर थांबू नये." त्या दिवसापासून आमच्या ग्रुपवर एकही गुलाब उमललेला नाही. इतर वर्गांचे अ‍ॅडमिन मला विचारतात, तुम्ही हे जमवलंत कसं? मी गालातल्या गालात हसते आणि श्रेय घेते.

एका शनिवारी वादळी पावसानं वीज गेली, रेंज गेली, आणि बाईंचं वृत्त काही आलं नाही. रविवारी सकाळी भाई छत्री घेऊन, खाडीवरचा पूल ओलांडून बाईंच्या दारात हजर. बाई बिचाऱ्या इडलीचं पीठ ढवळत होत्या. भाई म्हणाले, "बाई, गाडी उशिरा असणं गुन्हा नाय. पण उशिरा हाय म्हणून सांगितला पाहिजे. माणूस फलाटावर उभा असतो." बाईंनी हे आम्हाला हसत हसत सांगितलं. पण तेव्हापासून वृत्ताला अर्धा तास जरी उशीर होणार असला तरी त्या आधी तसं कळवतात.

पानांची गोष्ट तर शाळेत अजून निघते. बाईंनी लिहिलं होतं, 'परिसरातील वेगवेगळ्या झाडांचे प्रत्येकी एक पान आणावे.' मुलांनी आणली जास्वंदीची, पेरूची, आंब्याची. शाळा भरायच्या वेळेला दारात रिक्षा थांबली. रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी हिरवं बाहेर आलेलं. मागून भाई उतरले आणि त्यांनी अख्खी झावळ ओढून काढली, माणसापेक्षा लांब. बाई म्हणाल्या, "भाई, हे काय?"

"नारळाचं पान."

"अहो, एक पान म्हटलं होतं."

"एकच हाय. ही जी बारीक बारीक पाती दिसतायत ती पानं नव्हेत. सगळी मिळून एक पान. आपल्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात कुणालापण विचारा."

कुणाला विचारायची गरज पडली नाही, कारण ते खरंच होतं. त्या दिवशी तिसरी अ ची मुलं व्हरांड्यात त्या एका पानावर बसून डबा जेवली. बाईंनी पुढच्या वृत्तात लिहिलं, 'पान वहीत मावेल असे आणावे.'

मग आला मुलाखतीचा गृहपाठ. 'आपल्या आजी-आजोबांची मुलाखत घ्या व दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा.' व्हिडिओ येऊ लागले. कुणाची आजी लाजून पदर तोंडावर घेतेय, रेहानचे आजोबा मासेमारीच्या गोष्टी सांगता सांगता जाळंच दाखवायला उठून गेले. शेवटी भाईंचा व्हिडिओ आला. भाई डावीकडे तोंड करून बारीक आवाजात विचारतात, "आजोबा, तुम्ही लहानपणी कुठचे खेळ खेळत होता?" मग उजवीकडे वळून आपल्या आवाजात उत्तर देतात, "आम्ही विटीदांडू खेळत होतो." पुन्हा डावीकडे, "आजोबा, तुम्हाला मार बसला काय?" उजवीकडे, "बसला. मास्तरांचा वेगळा, बापाचा वेगळा."

ग्रुपवर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडांची रांग लागली. आंब्रे बाईंनी मात्र काहीच टाकलं नाही. मीही टाकलं नाही.

कारण भाईंची मुलाखत घ्यायला घरात कुणी नव्हतंच. त्यांचा नातू ओम दुसरीपर्यंत आमच्या शाळेत होता, स्वराच्याच वर्गात. मुलगा आधीपासून ठाण्याला नोकरीला. यंदा त्यानं तिकडे जागा घेतली आणि जूनमध्ये बायकोला आणि ओमला घेऊन गेला. नवीन ग्रुप करताना मी जुन्या यादीवरून नंबर घेतले, त्यात भाईंचा आला. काढू म्हणता म्हणता काढला नाही. भाईंनीही कधी विषय काढला नाही. म्हणजे मूग भिजवत होते ते, पानं आणत होते ते, पाढ्यांच्या घोषणा करत होते ते, आणि तिसरी अ मध्ये त्यांचं कुणीही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या मोठ्या बाईंनी नियम काढला की ग्रुपवर फक्त शिकत असलेल्या मुलांचे पालक राहतील. मुलांचे फोटो, व्हिडिओ असतात, बाहेरच्या माणसांना ते दिसायला नकोत. नियमात चूक काहीच नव्हती. मीही मुलीची आई आहे. आंब्रे बाईंनी मला फोन केला, "सायली, तूच काढ. पण आधी जाऊन त्यांना सांग गं. नुसतं बटण दाबू नकोस." मी म्हटलं, "मी बघते." अवघड कामं अंगावर घ्यायची मला खोडच आहे.

रविवारी सकाळी गेले. पडवीत भाई खुर्चीवर ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वर विंचरलेले केस. समोर स्टुलावर तांब्याला टेकवलेला फोन आणि फोनमध्ये ओम. मी दाराशीच थांबले.

"हॅलो, ठाणे कंट्रोल. रत्नागिरी बोलतोय."

"बोला रत्नागिरी!"

"नवाचा पाढा कुठवर आला?"

"नऊ साती त्रेसष्टपर्यंत."

"म्हणजे टायमावर हायस. मूग भिजवलेस काय?"

"हो. कोंबपण आले. पण वाकडे आलेत."

"उजेडाकडं वळतात ते. रोज वाटी फिरवून ठेव, सरळ होतील."

"आजोबा, रेहान अजून बडबडतो का वर्गात?"

"बाईंनी त्याला पुढच्या बाकावर घेतलान. वृत्तात नाव नाय लिहिलान, पण अख्ख्या वाडीला कळला."

ओम असा हसला की फोन थरथरला असेल. रेहान, बाई, झावळ, कविता, सगळं निघालं. मी उभी राहून राहून पाय बदलले. फोन संपल्यावर भाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ऐकलंस? बरोब्बर टायमावर हाय पोर. तुला सांगतो, गाडी सुटली की कंट्रोलरला दिसत नाय. पण घड्याळ बघितला की कळता, आता हातखंब्याला असेल, आता संगमेश्वरला चहाला थांबली. तसा हा वृत्त वाचला की मला कळता, ओम आता कुठं असेल." आणि मला द्यायला अळू काढतो म्हणून ते परसात गेले.

इतकं ऐकल्यावर त्यांना काढायचं कसं, ते मला सुचेना. तेवढ्यात मालूवहिनी बाहेर आल्या आणि माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "तुला सांगते, पण ह्यांना कळू देऊ नको. ओमची शाळा वेगळ्या बोर्डाची. पुस्तकंच निराळी. पाढे तर त्याचे कधीच झाले. आणि मूगबीग काय नाय भिजवलान त्यानं."

"मग ही उत्तरं?"

"शनिवारी वृत्त आला की मी सुनेच्या फोनवर पाठवते. तो वाचून बसतो. मला म्हणाला, आजी, आजोबांना सांगू नको हां, त्यांना वाटतं माझापण तोच अभ्यास चाललाय." "एवढासा तो, पण आज्याचा मन सांभाळतो." मग त्या चहा टाकायला आत गेल्या.

भाई अळूची जुडी घेऊन परत आले. ती माझ्या हातात देऊन त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हिनं सांगितलान ना तुला?"

मी जुडीची पानं सारखी करू लागले.

"मला म्हायत्येय गो. गाडी कुठच्या मार्गाची ते कंट्रोलरला नाय कळणार? गणपतीला आला होता, तेव्हाच दप्तर उघडून बघितला मी." हे त्यांनी इतक्या हलक्या आवाजात सांगितलं की मला पुढे वाकावं लागलं. भाईंना असा आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं.

"मग कशाला विचारता त्याला, भाई?"

"मग काय विचारू? पहिल्यांदा गेला तेव्हा फोन आला की मी विचारायचो, बरा हायस? बरा हाय. जेवलास? जेवलो. पुढं काय? मी त्याच्याकडं बघायचो, तो माझ्याकडं. मग तो म्हणायचा, ठेवू? आणि ठेवायचा." त्यांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. "आता बोलतो गो माझ्याशी. खोटा का होईना, भरभरून बोलतो. हिला सांगू नको. हिला वाटता मला काय कळत नाय."

मी सहसा रडणारी बाई नाही, पण अळूच्या जुडीमागे मला तोंड लपवावं लागलं.

"तू कशाला आली होतीस?" भाईंनी विचारलं.

तोपर्यंत माझं ठरलं होतं. "ग्रुपवर प्रत्येक मुलामागे दोन पालकांचे नंबर चालतात," मी म्हटलं. "स्वराचे बाबा बोटीवर असतात. समुद्रात रेंज नाही, म्हणून त्यांनी नंबर कधी दिलाच नाही. दुसरी जागा रिकामी आहे. तिथे तुमचा नंबर लावायचाय. चालेल का, ते विचारायला आले."

भाई काही भोळे नाहीत.

"म्हणजे मला काढायचा हुकूम आला."

"आला."

"आणि मोठ्या बाई काय म्हणतील?"

"त्यांना मी सांगेन. शाळा सुटल्यावर स्वराला आणायला पुलापलीकडे तुम्हीच जाता, ताप आला तर डॉक्टरकडे तुम्हीच नेता. पालक आणखी काय वेगळं करतो?"

भाईंनी मान खाली घातली. मग घसा साफ करून ताठ बसले.

"लावतेस तर लाव. पण नुसता नावाला नाय चालायचा. मग पोरगी रोज संध्याकाळी इथं आली पाहिजे. नवाचा पाढा येतो काय तिला?"

"नाही."

"नाय? अगो, तिसरी ना तिची?" ते केवढ्यानं ओरडले! पलीकडच्या घरातून कुणीतरी डोकावून पाहिलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "काय एवढा बोलत होतात?"

"काय नाय," भाई म्हणाले. "हिच्या स्वराचा पाढा राहिलाय." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी बशीत चहा ओतला.