दाराबाहेरची नेमणूक

बायको वनखात्याच्या कामावर गेल्यापासून हिशेबनीसाने घराचं दार फारसं उघडलंच नव्हतं. काम घरून, भाजी-दूध खिडकीच्या गजांतून. बाहेर पडून भेटावं असं एकच माणूस होतं, आणि ते लांब माळरानावर पक्ष्यांची राखण करत होतं. एकूण रागरंग पाहून शिंजीर पक्ष्याच्या एका बोटभर मादीने घर ओसाड आहे असं ठरवलं आणि बाहेरची कडी ते बेलची वायर असं लोंबतं घरटं विणून टाकलं.

दाराच्या भिंगातून त्याला पत्ता लागला, तेव्हा घरट्यातून दोन चोची वासलेल्या होत्या. दार बाहेर उघडणारं. ढकललं की संसार फाटणार.

"उद्याच्या बैठकीला ऑफिसात येता येणार नाही," त्याने साहेबांना कळवलं. "दारात पिल्लं झालीत."

"पिल्लं पक्ष्याला झाली आणि रजा तुला?"

त्याच आठवड्यात बायको चार दिवसांच्या रजेवर आली. तो इस्त्रीचा शर्ट घालून दाराआड उभा. खड्ड्यात गेलं घरटं, उघड दार, असं ती म्हणेल अशी त्याला फार आशा होती.

"कडीला हात लावू नकोस," ती म्हणाली.

"बरं. प्रवास कसा झाला?"

"हळू बोल."

"अगं, पण तुझी रजा चारच दिवस."

"त्यांना उडायला आठवडा तरी लागेल."

"आणि मी?"

"तू कुठे उडून जातोयस?"

ती शेजारच्या काकूंकडे झोपायला गेली. सकाळी पाहते तो मांजर जिन्यात ठाण मांडून. तिने वरिष्ठांना फोन करून घरट्याला राखण हवी म्हणून सांगितलं. वरिष्ठांनी तत्परतेने तिची रजा रद्द करून तिथेच नेमणूक केली. वर्षभर अर्ज करून न मिळालेली घरची बदली तिला अशी मिळाली, फक्त दाराबाहेर.

त्याने गजांतून चहा दिला.

"तुझी फार आठवण यायची," तो म्हणाला.

"कामावर आहे मी."

संध्याकाळी काम संपलं की ती दाराला टेकून बसे. आतून तोही टेके. मध्ये दोन बोटं लाकूड.

एका सकाळी भिंगातून पाहिलं तर घरटं रिकामं. पिल्लं समोरच्या तारेवर. नेमणूक संपली, आता ही परत जाणार. बाहेर ती वरिष्ठांशी फोनवर बोलत होती. कामाच्या नोंदवहीत कधी एक अंडं जास्त न लिहिलेली बाई.

"आहेत ना साहेब," ती म्हणत होती, "अजून दोन दिवस तरी हलत नाहीत."

आणि एका हाताने रिकामं घरटं सांभाळत तिने हळूच दार ओढलं.