जो शेवटी निघेल, तो बंद करील

कारखान्यात त्याला सगळे 'मेनस्विच' म्हणत. तोंडावर अर्थातच 'साहेब', मेनस्विच हे पाठीमागे. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं (हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं). सुरक्षा अधिकाऱ्याला याहून मोठी पदवी ती कोणती? यंत्राला हात लावण्याआधी ते बंद करा, बंद झालंय का ते बघा, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावा, एवढ्याच उपदेशावर त्याने उभी नोकरी काढली होती. त्याच्या देखरेखीखाली आजवर एकाचंही बोट गेलं नव्हतं. तुम्ही हसाल, पण ज्यांची बोटं शाबूत राहिली ते हसत नाहीत.

आता माणूस घरी आल्यावर डोक्यावरची टोपी काढून ठेवतो, डोकं थोडंच काढून ठेवतो! घरातही त्याचा नियम होता: जो शेवटी निघेल, तो बंद करील. दिवा, पंखा, टीव्ही, इस्त्री, जे काही चालू असेल ते. बायको आधी हसली, मग चिडली आणि मग खोलीतून निघताना तिचाच हात आपोआप बटणाकडे जायला लागला. मुलगी वयाने पंधराची आणि बोलण्याने पासष्टची, म्हणून तिला घरात ठमाकाकू म्हणत. तिने तर पहिलं पाऊल टाकलं तेच बटणाच्या दिशेने. नियम उत्तमच होता. फक्त आपण खरोखर शेवटी निघालोय का, हे वळून बघायची सवय कुणालाच लागली नाही.

सासरे कायमचे राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात ते अंगाला साबण लावून उभे असताना बाथरूमचा दिवा गेला. आतून शांत आवाज आला, "जावईबापू, मी आत आहे."

मेनस्विच खजील झाला, माफी मागितली आणि चार दिवसांनी पुन्हा तेच केलं. पुढे पुढे हे अंगवळणी पडलं. म्हातारा कधी वैतागला नाही. आतून तेवढंच सांगायचा, तेवढ्याच शांतपणे.

तसाही तो आता कशालाच वैतागत नव्हता, आणि घरातल्या सगळ्यांना भीती वाटायची ती या न वैतागण्याचीच. उमेदीच्या काळात सासरे एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, साधी नव्हे, विजेवरची. घरी सरावाला बसले की सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "मोठ्याने! इथे काही ऐकू येत नाही!" गिटार बडवणाऱ्या नवऱ्याला आवाज वाढवायला सांगणारी बायको जगाच्या पाठीवर दुसरी झाली नसेल. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. म्हाताऱ्याबरोबर गिटार आली, गुडघ्याएवढा जुना अ‍ॅम्प्लिफायर आला, आणि दोन्हींवर चादर पडली ती पडलीच. कुणी विषय काढला नाही.

आणि त्या रविवारी सकाळी चहा पिता पिता म्हातारा म्हणाला, "आज तिचा वाढदिवस. वाजवावं म्हणतो."

बायकोने कप खाली ठेवला आणि ती तडक स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून ती नेहमी नळ सोडायची. सगळ्यांना ते कळायचं, पण तिला सांगणार कोण?

म्हाताऱ्याने चादर काढली, गिटार पुसली, सुरात लावली. अ‍ॅम्प्लिफायरची पिन भिंतीवर दाराशेजारच्या बटणाखाली खुपसली. लाल दिवा लागला. म्हाताऱ्याने तारांवरून हात फिरवला.

कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं एवढाच आवाज आला. त्याने आवाजाच्या कळा फिरवल्या. केबल बदलली. अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याला कान लावला. पुन्हा तार छेडली. दिवा आपला लालभडक, आणि डबा मुका. मग म्हाताऱ्याने गिटार अलगद भिंतीला टेकवली.

"राहू दे," तो म्हणाला. "तिच्याबरोबर त्याचाही आवाज गेला म्हणायचा. उद्या गल्लीतल्या गिटारच्या क्लासच्या मास्तरांना देऊन टाकू. शिकेल कुणीतरी." आणि तो गॅलरीत जाऊन दाराकडे पाठ करून बसला.

बायकोने मेनस्विचला कोपऱ्यात ओढलं. तिचे डोळे सुजले होते.

"अहो, काय वाट्टेल ते करा, पण तो वाजलाच पाहिजे. बाबांनी गिटार देऊन टाकली ना, तर ते नुसते बसून राहतील. उठायचेच नाहीत."

"आजच्या आज वाजेल," मेनस्विच म्हणाला. लग्न झाल्यापासून बायकोने त्याच्याकडे एवढ्या आशेने पहिल्यांदाच पाहिलं होतं. तो आत गेला आणि रबरी बूट, हातमोजे आणि चष्मा चढवून बाहेर आला. बायकोची आशा तिथेच थोडी कमी झाली.

हात लावण्याआधी बंद करा! त्याने अख्ख्या घराचा मेनस्विच खाली ओढला. कपडे धुण्याचं यंत्र ऐन फेसात थांबलं.

"अहो, माझे कपडे!"

"बोटं महत्त्वाची की कपडे?"

"कुणाची बोटं? तुम्ही तर हातमोजे घातलेत!"

 कामात असताना तो बायकोला उत्तर देत नसे (इतर वेळी सुचत नसे). अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज काढला, उजेडात धरला, मीटर लावून पाहिला. फ्यूज ठणठणीत होता. तो पुन्हा बसवून त्याने बाहेर जाऊन मेनस्विच वर केला आणि धावत खोलीत आला. बघतो तर लाल दिवासुद्धा लागलेला नाही!

 मघापर्यंत डबा नुसता मुका होता, आता गेलाच की काय? सासऱ्यांना काय तोंड दाखवायचं? त्याने फ्यूज पुन्हा काढला, पुन्हा बसवला, पिन उघडली, स्क्रू आवळले. कपाळावरचा घाम चष्म्यात उतरायला लागला.

"बाबा," ठमाकाकू दारातून म्हणाली, "भिंतीवरचं बटण बंद आहे."

"कुणी केलं बंद?"

बायको ओशाळली. "मी मशीन बघायला गेले ना... शेवटी मीच निघाले होते."

रागवायची सोयच नव्हती, नियम त्याचाच. बटण लावलं. दिवा लागला, आवाज नाहीच.

"सगळ्या कळा पूर्ण फिरवा," मेनस्विच म्हणाला. ठमाकाकूने गिटारची कळ शेवटपर्यंत नेली, त्याने डब्यावरच्या सगळ्या नेल्या. काही नाही. तो वाकून मागची बाजू बघायला लागला, पण चष्म्यावर धुकं. चष्मा पुसायला खिशातला रुमाल काढेपर्यंत ठमाकाकू पाणी प्यायला गेली, आणि दिवा विझला.

"ठमे!"

"तुम्ही वाकला होतात ना बाबा, दिसलाच नाहीत! मला वाटलं मीच शेवटी!"

मेनस्विच दात-ओठ खात उठला, बटण लावलं आणि टॉर्च आणायला स्वतः गेला. परत आला तर दिवा पुन्हा बंद. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे. दोघी जागच्या हललेल्या नव्हत्या. दोघी त्याच्याकडे बघत होत्या, आणि फार वेळ बघत होत्या.

"बस्स झालं," बायको म्हणाली. "आता या खोलीतून कुणीही बाहेर जायचं नाही. घरात आग लागली तरी."

"आग लागल्यावर तर आधी बाहेर..." मेनस्विचने सुरुवात केली आणि तिचा चेहरा बघून वाक्य गिळलं.

तिघं डब्यामागे मांडी घालून बसले. डबा मागून उघडाच होता. टॉर्चच्या उजेडात मोठा गोल स्पीकर दिसला. स्पीकरमधून निघालेली काळी वायर मात्र कुठेच जात नव्हती. तिची सुबक गुंडाळी करून वर लाल टेप लावली होती, आणि टेपचं टोक, पुढच्या माणसाला नखाने शोधावं लागू नये म्हणून, दुमडून ठेवलं होतं.

ठमाकाकूने एक सुस्कारा सोडला. "आपल्या घराण्यात टेपचं टोक दुमडून कोण ठेवतं?"

मेनस्विचला सगळं लख्ख आठवलं. सासऱ्यांचं सामान हलवलं त्या दिवशी त्याने जिथे जिथे म्हणून पिन दिसली तिथे तिथे ती काढली होती. हलवताना काहीही जोडलेलं नको, हाही नियमच. फ्रिजची पिन काढली, पंख्याची काढली आणि मागून हात घालून स्पीकरचीही काढली. बाकीच्या घरी आल्यावर त्याने परत लावल्या.

"म्हणजे ते बिचारं मघापासून..." बायकोचा आवाज चढला. "बाबा तिकडे आईचं नाव घेऊन बसलेत, आणि आवाज तुम्ही काढून ठेवलाय?"

"हळू बोल. बाबांना इतक्यात काही सांगू नकोस."

"आजोबा तुमच्या मागेच उभे आहेत," ठमाकाकू म्हणाली.

म्हातारा वाकला. गुंडाळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मेनस्विच खाली मान घालून बसला होता. 

"गुंडाळलीय मात्र फार व्यवस्थित," म्हातारा म्हणाला. आणि त्याने टेप सोडवून पिन जागेवर खुपसली, बटण लावलं, गिटार घेतली.

सगळ्या कळा आपणच शेवटपर्यंत फिरवून ठेवल्यात, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात नव्हतं. म्हाताऱ्याने नुसती जाडी तार छेडली.

खिडक्यांची तावदानं थडथडली. टेबलावरचा पेला जमिनीवर आला. धूर विरल्यासारखी शांतता पसरली तेव्हा सुरक्षा अधिकारी टेबलाखाली होता, गुडघ्यांत डोकं आणि डोक्यावर दोन्ही हात, अगदी कवायतीत शिकवतो तसा. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. वर्षभरात पहिल्यांदा. बायकोला बघवेना. चहा टाकते म्हणून ती उठली, आणि जाताना तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले होते.

म्हाताऱ्याने आवाज अगदी बारीक केला आणि एक संथ चाल धरली. सासूबाईंची आवडती. बोटं जरा अडखळत होती, एक सूर चुकला, पुन्हा घेतला. मेनस्विच टेबलाखालून निघून खुर्चीवर बसला. ठमाकाकूसुद्धा गप्प होती, यावरून ओळखा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. कापत होता, पण आईसारखाच खणखणीत.

"मोठ्याने! इथे काही ऐकू येत नाही!"

म्हाताऱ्याचा हात तारांवरच थांबला. तो स्वयंपाकघराच्या दिशेने बघत राहिला. मग त्याने कळ फिरवून आवाज वाढवला, डोळे मिटले, आणि तीच चाल पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतली. या खेपेला एकही सूर चुकला नाही. घर भरून गेलं.

मेनस्विचच्या चष्म्यावर पुन्हा धुकं आलं. सासूबाईंनी त्याला कधी जावयासारखं वागवलं नव्हतं, मुलासारखं रागवायच्या. त्यांची आठवण त्याला आजच, अशी इतकी, का यावी? हातमोज्याने डोळे पुसता येईनात. चारचौघांत रडणं त्याच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं, आणि वाजवणाऱ्याची तंद्री मोडायची नव्हती. तो हळूच उठला आणि चाल ऐन भरात असताना, पावलांचा आवाज न करता, खोलीबाहेर पडला.

गिटार थांबली.

"अरे देवा!" पॅसेजमधून मेनस्विच ओरडला. "गेला परत! फ्यूजच असणार, मला वाटलंच होतं!" तो टॉर्चसाठी वळला आणि त्याला वळता येईना, कारण त्याचा उजवा हात मागे, दाराच्या आत, भिंतीवरच होता. बोट अजून बटणावर होतं.

आतून शांत आवाज आला.

"जावईबापू, मी आत आहे."