अस्वलिणीची तिसरी नोंद

ऑर्विल ट्वेट दुर्बिणीतून टेकडीवर अस्वलीण शोधत होता आणि अस्वलीण त्याच्या मागे, ओसरीच्या कठड्याशी, त्याचाच केक खात होती. दोन पिल्लं पायरीवर आपला नंबर लागायची वाट पाहत बसली होती.

चाटण्याचा आवाज आला तेव्हा तो वळला. अस्वलिणीने त्याच्याकडे पाहिलं. वाढपी उशिरा आल्यावर पाहुणे बघतात तसं.

ऑर्विल हा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या, तळ्याकाठच्या एका गावातल्या अस्वल-निरीक्षण समितीचा चिटणीस. 'गार करायचं अन्न बाहेर ठेवू नये' हा चौथा नियम त्यानेच लिहून घरोघर वाटला होता. आज संध्याकाळी चर्चचं जेवण, म्हणून केक गार व्हायला फक्त दहा मिनिटं कठड्यावर ठेवला होता. अस्वलिणीच्या नावावर वहीत दोन नोंदी आधीच होत्या. घराशी खाल्ल्याची तिसरी झाली की पिंजरा. आणि पिंजऱ्यात गेलेली अस्वलं परत येत नसत.

"काय चिटणीस, दिसली का?" पलीकडच्या अंगणातून आर्डिस ओरडली. दुसरी नोंद तिच्या घरची होती. पाखरांचे दाणे टांगल्याबद्दल ऑर्विलने तिला अर्धा तास सुनावलं होतं.

आवाज ऐकून अस्वलीण झुडपांत पसार झाली. एक पिल्लू तिच्यामागे पळालं. दुसरं केकचा रिकामा थाळा तोंडात धरून अंगणातल्या मेपलच्या झाडावर चढलं.

"टेकडीवर आहे! लांब!" ऑर्विल म्हणाला.

"मग घाम कशाने फुटलाय तुला?"

"उकडतंय."

"स्वेटर घालून?"

तेवढ्यात वनरक्षक डेलची गाडी दारात थांबली. शनिवारी वही तपासायचा त्याचा शिरस्ता.

"काय काका, खबर?"

"दिसली सकाळी. गवत खात होती. टेकडीवर."

"लिहा तसं."

ऑर्विलने पेन टेकवलं, आणि वरून थाळा खणखणत डेलच्या पायाशी पडला.

चर्चच्या जेवणात भांड्यांची अदलाबदल होते, म्हणून गावात प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव असतं. डेलने कडेला केकचा चुरा चिकटलेला थाळा उलटा केला. ऑर्विलने डोळे मिटले.

डोळे उघडले तर डेलचा चेहरा पांढराफटक. पट्टीवर लिहिलं होतं : इंगा. त्याची बायको.

"आमच्या घरून..." तो पुटपुटला. मग थाळा जाकिटात कोंबत म्हणाला, "काका, गवत म्हणालात ना?"

"गवतच."

"आपण आत जाऊ या. पिल्लाला उतरू दे."

डेल गेल्यावर आर्डिस कुंपणाशी आली. "चर्चच्या मागच्या जेवणातून इंगाचा थाळा तूच उचलून नेलास. मी पाहिलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"दोन लेकरं आहेत त्या अस्वलिणीला." जाता जाता म्हणाली, "नियम चार पाठ आहे मला. तुला म्हणून दाखवू का?"

संध्याकाळी सगळे एकाच टेबलावर आले. डेल बायकोकडे घरी गेल्यापासून संशयाने बघत होता; विचारायची मात्र हिंमत नव्हती.

"अहो, कुणी पाहिला का माझा मोठा थाळा?" इंगाने विचारलं. "महिना झाला, इथूनच कुणीतरी नेलाय!"

डेलचा घास हवेतच थांबला. त्याने सावकाश मान वळवून ऑर्विलकडे पाहिलं. आर्डिस ताटातले वाटाणे मोजू लागली.

"बटाटे वाढू?" ऑर्विलने विचारलं.

डेलने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. आत काहीतरी खणकलं.

"वाढा, काका," तो म्हणाला. "आणि पुढच्या वेळी केक खिडकीच्या आत गार करा."