आधी आम्हाला शिकवा!

एकदा मी ठरवलं की ठरवलं! मग हेडमास्तर आडवे येवोत नाहीतर सावित्री नदीचा पूर. महाडच्या आमच्या शाळेत वरच्या वर्गाला शरीर, लग्न आणि आरोग्य हा विषय मी शिकवणारच, असं एकोणीसशे चौतीस साली मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं. दोघांना चहाचा ठसका लागला.

हट्टाला कारण होतं. वर्गातली निम्मी पोरं लग्न झालेली! कापडे गावचा हैबती सोळा वर्षांचा, त्याची बायको तेरा, आणि शिमगा झाला की ती सासरी नांदायला येणार. एवढ्या कोवळ्या वयात बाळंतपण आलं तर पोर जिवाला मुकते हो! हे त्या गाढवाला कोणी सांगायचं? मीच!

"आधी पालकांची परवानगी आणा," हेडमास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, विषय मिटला. मी शनिवारी झाडून सगळ्या पालकांना बोलावलं. पार पोलादपूरपासून गाड्या जुंपून आले! हैबतीचे वडील सोनबा पहिल्या बाकावर बसले, आई तुळजाबाई दाराआड.

"मास्तर, पोरांना काय शिकवणार ते आधी आमाला शिकवा," सोनबा म्हणाले. "मग सांगू, हो का नाय ते."

रास्तच होतं. पोरांना मैदानावर पिटाळलं. मी भिंतीवर शरीराचा तक्ता टांगला मात्र, "अरे देवा!" म्हणत पोलादपूरच्या कुशाबांनी डोक्यावरचं मुंडासं सोडून त्यावर पांघरलं! मी बोलतच राहिलो. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "कुशाबा, मुंडासं जरा वर घे की!" जरा वर झालं. मग आणखी जरा. शेवटी कुशाबांनीच ते काढून काखेत मारलं आणि तक्त्याला नाक लावलं.

काय रंगला वर्ग! शंकांवर शंका! दुपार टळली, गाड्यांचे बैल हंबरून दमले, पण बाकावरून कोणी हलेना. बाहेर पोरं आट्यापाट्या खेळून कंटाळली.

"मग, परवानगी?" मी घाम पुसत विचारलं.

"छ्या! पोरांना हे सांगायचं नाय! बिघडतील की!" सोनबा गरजले. सगळ्यांनी माना डोलावल्या. "पुढल्या शनिवारी उरलंसुरलं आमालाच सांगा."

माझा चेहराच पडला. इतक्यात दाराआडून तुळजाबाई कडाडल्या, "शिमग्याला सून आणायची नाय!"

"अगो, व्याह्यांना शब्द दिलाय!"

"फिरवा! पोर तेरा वर्सांची हाय. मास्तर घसा फोडून सांगत व्हते तवा तुमी झोपला व्हतात काय? सोळा भरल्याबिगर ती यायची नाय!"

मला तर त्या माउलीच्या पाया पडावंसं वाटलं.

सोमवारी हैबती आला, नवी कोरी टोपी हातात चुरगळत, अगदी रडकुंडीला.

"गुरुजी, बायको यायची म्हणून टोपी घेतली व्हती. आता तीन वर्सं नाय म्हणतात! मला मैदानावर धाडलंत नि आत काय सांगितलंत ओ?"

"तुझ्या भल्याचंच, गाढवा!"

"भलं कसं? ते तरी सांगा!"

मी जोशात तक्ता उलगडला. आणि मुकाट्याने परत गुंडाळला. पोरांना सांगायची परवानगी मला कुठे होती?

"टोपी छान आहे हो," एवढंच म्हणालो.