त्र्यंबकरावांचा कच्चा धडा

त्र्यंबकराव सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मराठी बोलत नसत. फारसी बोलत. समोरच्याला ती येते की नाही, हा प्रश्न त्यांना पडत नसे. पेडगावची दूधवाली दारात आली की तांब्या पुढे करून ते "शीर" म्हणत. महिनाभराने शीर म्हणजे दूध एवढं तिला कळलं. पण दुधात पाणी आहे हेही ते फारसीतच सांगू लागले, तेव्हा ती माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, मी दूध घालायलेय का साळा शिकायलेय? भांडायचं तर मराठीत भांडा म्हणावं त्यायला!"

परभणीत आमच्या पुढच्या खोलीत ते चार वर्षं राहिले. मूळचे वाशीमकडचे, म्हणजे आमच्या निजामी मुलखात परके, गैरमुल्की. वय माझ्याएवढंच, पंचेचाळीस. बायको-मुलं नाहीत. आले ते पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत घराण्याचे त्रेसष्ट फारसी कागद. त्यात जहागिरीची सनद आहे असं त्यांच्या घरात तीन पिढ्या सांगत होत्या, पण वाचणारा कुणी उरला नव्हता. परभणीत तरी फारसी कोण बोलतो? घरात मराठी, कचेरीत उर्दू. पण शाळेतून निवृत्त झालेले एक मौलवीसाहेब इथे आहेत असं त्यांना कळलं, आणि तेवढ्यासाठी हा गृहस्थ सरहद्द ओलांडून आला.

सात महिन्यांत त्यांनी त्रेसष्ट कागद वाचले. सगळेच्या सगळे चाऱ्याचे हुकूम निघाले. फौज येत आहे, इतके घोडे, इतक्या पेंढ्या तयार ठेवा. सनदेचा पत्ता नव्हता. तरी त्यांनी ते सगळे हुकूम एका वहीत उतरवले, शब्द फारसी आणि अक्षरं आपली, आणि बेरजेसाठी वही माझ्याकडे दिली. मी रेल्वेच्या मालधक्क्यावर वजनकाट्याचा कारकून. बेरजेला मी कधी नाही म्हणत नाही. घोडे इतके, पेंढ्या इतक्या, असं लिहिलं आणि सवयीने खाली सही केली.

"कागद झाले वाचून, आता घरी कधी जाणार?" माझ्या बायकोने एकदा दुपारी विचारलं.

"अजून कच्चं आहे, वहिनी," ते म्हणाले. पुढे तीन वर्षं हेच उत्तर होतं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मात्र यातली गंमत संपली. खांद्यावर बंदुका टाकलेली माणसं गल्लीगल्लीतून फिरू लागली. ताडकळसच्या बाजाराला जायला लोक भिऊ लागले. सरहद्दीपलीकडून आलेला प्रत्येक माणूस जासूस ठरू लागला. मी त्र्यंबकरावांना तीनदा सांगितलं, निघा. तिन्ही वेळा ते म्हणाले, "अजून कच्चं आहे."

एका सकाळी साडेनऊला पोलिसांचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन दारात आले. पेटी उपडी झाली आणि वही सापडली. एका शिपायाला आपली अक्षरं वाचता येत होती.

"सायेब, अक्षर मराठी हाय, पण बोली मराठी न्हाई," तो म्हणाला. "यात घोडे हायती. लष्कर बी हाय!"

"किसका लश्कर? किधर से आरा?" अमीनसाहेब गरजले.

त्र्यंबकरावांनी शांतपणे उत्तर दिलं. फारसीत. बारा वाजले नव्हते ना! अमीनसाहेबांच्या कचेरीतल्या कागदांत निम्मे शब्द फारसी असत, पण ते या वऱ्हाडी तोंडून आल्यावर त्यांना एकही कळेना. आपली चेष्टा चालली आहे, असं त्यांना वाटलं.

"अहो, मराठीत बोला! पाया पडतो तुमच्या!" मी ओरडलो.

तेवढ्यात अमीनसाहेबांचं बोट पानाच्या तळाशी आलं. "ये दस्तखत किसके?"

सही माझी होती. मी पुढे झालो. आत बायको तिन्ही मुलांना पोटाशी धरून उभी होती.

ठाण्यात आम्हा दोघांना जमिनीवर बसवलं. संध्याकाळच्या गाडीने मोठ्या तुरुंगात पाठवायचं ठरत होतं. मी हात जोडून म्हणालो, मौलवीसाहेबांना विचारा. अमीनसाहेबांनी टांगा पाठवला.

मौलवीसाहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेले. हाताला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

"ये आपका शागिर्द है?"

"चार साल से," मौलवीसाहेब म्हणाले.

"तो सबक सुनाए. आया तो शागिर्द, नहीं तो जासूस."

मौलवीसाहेबांनी माळ्याच्या गोष्टीचा धडा म्हणायला सांगितला, आणि माझा जीव भांड्यात पडला. तो धडा मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होतो. अर्थ कळत नव्हता, पण ओळी मोजल्या होत्या. सव्वीस. त्र्यंबकराव कधी श्वासालाही थांबत नसत.

त्यांनी सुरुवात केली. मी बोटांवर मोजत होतो. आठ, नऊ, दहा. आणि ते थांबले.

अमीनसाहेबांनी दौतीत टाक बुडवला. मी मनात आकडे म्हणू लागलो. वीसपर्यंत आलो तरी त्र्यंबकराव खाली मान घालून गप्पच.

अचानक मौलवीसाहेब खो खो हसू लागले. "अमीनसाहब, यहीं अटकता है! चार साल से यहीं अटकता है!" अकरावी ओळ त्यांनी स्वतःच म्हटली, मोठ्या चवीने, दोनदा. मग म्हणाले, "अरे, जासूस होता तो पूरा याद करके आता!"

अमीनसाहेबांनाही हसू आवरेना. मला सोडलं. त्र्यंबकरावांना आठ दिवसांत सरहद्दीपार होण्याचा हुकूम झाला.

रस्त्यावर येताच मी त्यांचा दंड धरला. "घरी घडाघडा म्हणता, आणि तिथे विसरलात? माझी मुलं उघड्यावर पडली असती!"

"विसरलो नाही," ते मराठीत म्हणाले.

"मग?"

"पहिल्या वर्षीच मी सव्वीस ओळी म्हणून दाखवल्या. मौलवीसाहेब शाबास म्हणाले, किताब मिटली आणि म्हणाले, जा आता आपल्या घरी. त्यांचे सगळे शागिर्द असेच शाबासकी घेऊन गेलेत. बेगम वारल्या, मुलगा लांब. दिवसभर त्या घरात आवाज नाही. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो आणि अकराव्या ओळीला अडलो. त्यांनी ओळ सांगितली. मग ती त्यांना शिकवणाऱ्या उस्तादांचं सांगितलं, मग उस्तादांच्या छडीचं. तास गेला. तेव्हापासून रोज अडतो."

"पण आज जिवाशी गाठ होती!"

"आज घडाघडा म्हटलं असतं, तर चार वर्षं मी त्यांना फसवतोय हे त्यांना सगळ्यांसमोर कळलं असतं. मला ते जमेना. तुम्हाला त्यात ओढलं, त्याची मात्र माफी मागतो."

मी त्यांचा दंड सोडला.

आठव्या दिवशी ते गेले. नवव्या दिवशी कामावर निघालेला मी मौलवीसाहेबांच्या गल्लीत वळलो. दार उघडंच होतं. फारसी शिकायची आहे, म्हणालो.

"कितनी आती है?"

"बिलकुल नाही."

ते लगबगीने उठले, चाचपडत सतरंजी शोधली आणि झटकून अंथरली. मी पहिल्याच ओळीला अडलो, आणि त्यात नाटक काहीच नव्हतं.

मालधक्क्यावर पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. एकवीस वर्षांच्या नोकरीतला तो माझा पहिला उशीर.