सबनीसकाकांचा सेंट सेबॅस्टियन

सबनीसकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत वाजवतात. बोटाच्या पेराने टकटक करून कान लावतात आणि चहा यायच्या आत निकाल देतात, "बद्द वाजतंय. रिजेक्ट!"

आखातात, रास अल खैम्यातल्या टाइल्सच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य तडे शोधण्यात गेलं. आता ते मोहम्मद बिन झायद सिटीत, आमच्या शेजारी, मुलाकडे राहतात आणि कलिंगडापासून माणसांपर्यंत सगळं नापास करतात. नातवाच्या डोक्यावरही टिचकी मारून बघतात. तो "आजोबा, स्टॉप इट!" म्हणून ओरडतो. मला त्यांनी पहिल्याच भेटीत सेकंड क्वालिटी ठरवलं होतं. राग आला होता, खोटं कशाला सांगू?

या माणसाच्या हॉलमध्ये एकच वस्तू पास झालेली आहे. सेंट सेबॅस्टियन. इटलीतल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्राची टाइल्सवर छापलेली नक्कल. खांबाला बांधलेला उघडाबंब तरुण, अंगात बाण रुतलेले, नजर वर. रंग जमला नाही म्हणून गिऱ्हाईकाने नाकारला, तो काकांनी घरी आणला. त्याच्या खांद्यावरून गेलेला तडा मलासुद्धा दिसतो. काका त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

यंदा गणपतीचं मखर त्याच भिंतीला लावायचं ठरलं आणि त्यांच्या सुनेने, मृणालने, मला गाठलं.

"दादा, तुम्हीच समजवा बाबांना. ऑफिसची अख्खी टीम आरतीला येतेय, आणि बाप्पाच्या शेजारी हे? मी बोलले की म्हणतात, खलास, विषय संपला."

मी गेलो. काका चित्रासमोर बसले होते. एसीची घरघर तेवढी चालू होती.

"काका, गणपतीपुरता याला आतल्या खोलीत ठेवू या का?"

"हा कोण, माहितीये तुला? रोमन सैनिक. धर्म सोडेना म्हणून बाण मारले. पण बाणांनी मेला नाही हं तो. एका विधवा बाईने बाण काढले, सेवा केली, उठवून बसवला. पुढे मारलाच म्हणा. पण चेहरा बघ. कुठे दुखतंय असं वाटतं?"

"नाही."

"हिचा चेहरा अस्साच होता."

वारलेल्या काकूंबद्दल ते कधी बोलत नसत.

"पोटात दुखायचं तिच्या. माझा डबा वेळेवर, शर्टाला इस्त्री. कारखान्यात मी केसाएवढा तडा सोडला नाही रे. घरी मात्र बघितलंच नाही. याचे बाण दिसतात तरी. तिचे दिसले असते, तर एखादा काढला असता मी. डॉक्टर म्हणाला, फार उशीर केलात."

मला भयंकर वाईट वाटलं. मागे मृणाल चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे ठेवून ती आत गेली.

गणपतीला मखर खिडकीपाशी होतं, जरा अडचणीतच. आरतीनंतर ऑफिसातल्या एका बाईंनी चित्राकडे बघत विचारलं, "अय्या, हे कोण?"

मृणालच म्हणाली, "आमच्या घरातलेच आहेत."

मग मोदकाची वाटी घेऊन ती काकांकडे वळली. "बाबा, सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाहीये. दुखतंय का कुठे?"

"छे! मला काय होतंय?"

ती हलली नाही. पाहुणे निघाले होते, चपला शोधत होते, तरी ती त्यांच्या तोंडाकडे बघत तिथेच उभी राहिली. काका हळूच खुर्चीत टेकले.

"दुखतं गं," ते म्हणाले. "रोज दुखतं."